यंदा बाळासोची बारी

हौसराव आबांना आयुष्यात जे मिळालं ते बिनविरोध मिळालं. हसू नका. मांडवगण फराट्यात चार दिवस राहून बघा म्हणजे कळेल, बिनविरोध होणं हे निवडून येण्यापेक्षा कष्टाचं काम आहे. निवडून यायला मतं लागतात, बिनविरोध व्हायला सगळ्या गावाची मर्जी सांभाळावी लागते. आबा सोसायटीचे चेअरमन झाले ते सव्वा वर्षासाठी. पाच वर्षांत चार गट, प्रत्येकाला सव्वा वर्ष, असं मारुतीच्या देवळात ठरलेलं. सव्वा वर्ष भरलं त्या सकाळी आबा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून राजीनामा घेऊन सोसायटीच्या दारात उभे. सेक्रेटरी अजून कुलूप उघडत होता. यात्रा कमिटीचं अध्यक्षपद आलं तेही असंच आणि गेलं तेही असंच. फार कशाला, धुरपदाबाईंना बघायला मंडळी गेली होती ती आबांच्या थोरल्या भावासाठी. थोरला घरी येऊन म्हणाला, मला इतक्यात लगीन करायचं न्हाई. शब्द तर देऊन झालेला, म्हणून धाकट्याला पाटावर बसवलं. धुरपदाबाई अजूनही भाकरी थापता थापता ऐकवतात, "मी काय, शब्दाला आलेली."

तर अशा माणसाच्या घरात एक कप होता. शोकेसमध्ये, नातवाच्या शाळेच्या फोटोशेजारी, पितळी दिसणारा, दोन कानांचा. भीमा रायफल क्लबच्या सामन्यात आबांनी तो गेल्या साली जिंकला होता. जिंकला, हे महत्त्वाचं. त्यासाठी देवळात बैठक झाली नव्हती, कुणी माघार घेतली नव्हती, कुणाचा रुसवा काढावा लागला नव्हता. आबांनी बंदूक खांद्याला लावली, छर्रे मारले आणि सगळ्यात जास्त मार्क पडले. साठी उलटल्यावर मिळालेली ही गोष्ट. आबा रोज सकाळी जुन्या उपरण्यानं तो कप पुसायचे. झेंडूचा माल न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यालाही त्यांनी एकदा बूट काढायला लावून घरात नेऊन तो दाखवला होता.

क्लब काढला हनुमंत मामांनी. मामा फौजेतनं सुभेदार होऊन परत आले, तेव्हा नदीकाठच्या मळ्यात त्यांच्या भावाचं पोल्ट्रीचं शेड रिकामं पडलं होतं. मामांनी एका टोकाला लोखंडी पत्रे उभे केले, मागं वाळूच्या गोण्या रचल्या, एअर रायफली आणल्या आणि म्हणाले, या. नदीच्या अलीकडची म्हणजे शिरूर तालुक्याची माणसं आली, पलीकडची म्हणजे दौंडची आली. कोंबड्यांचा वास काही गेला नाही, पण माणसं टिकली. दर रविवारी दहा मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायची, चहा प्यायचा आणि घरी जायचं. आबा मेंबर झाले ते गेल्या सालच्या सामन्याच्या जरा आधी, आणि त्यांना ते फार आवडलं. श्वास सोडायचा, अर्ध्यावर धरायचा, बोट हळू ओढायचं. तेवढ्या वेळात कुणाची मर्जी सांभाळायची नसते.

वर्षातनं एकदा मोठा सामना. तो दौंडला, एका मंगल कार्यालयात. लग्नसराई संपली की हॉल रिकामाच असतो.

त्या रविवारी सकाळी मच्छिंद्र जीप घेऊन दारात आला. मच्छिंद्र म्हणजे गावचा माजी सरपंच, क्लबचा सेक्रेटरी, आणि कुठंही कमिटी दिसली की तीत शिरणारा माणूस. मागच्या सीटवर दोन मेंबर आधीच पेंगत होते. आबा पुढं बसले. मच्छिंद्रनं त्यांच्या मांडीवर एक पिशवी ठेवली.

"आबा, ही धरा जरा. मागं ठेवली की खडखड करतीया."

पिशवीत यंदाचा कप. आबांनी हौसेनं बाहेर काढला. कान तसेच, उंची तशीच, मनात म्हणाले, दोन झाले तर शोकेसचा वरचा कप्पा मोकळा करावा लागेल. मग त्यांनी चष्मा लावून खालची पट्टी वाचली.

भीमा चषक. विजेता, श्री. बाळासो, दौंड.

आबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. पट्टीवर तेच. सामना तर व्हायचाय. जीप अजून वडगाव रासाईचा फाटासुद्धा ओलांडायची होती. आबांना पहिल्यांदा वाटलं, कुठल्यातरी जुन्या सालचा कप चुकून उचलला मच्छिंद्रनं. पण साल यंदाचंच. मग वाटलं, दुकानदाराचीच चूक असणार. दौंडचे बाळासो डेअरीचे चेअरमन, त्यांचे कप सारखे बनत असतील, एकाची पट्टी दुसऱ्याला चिकटली असेल.

"मच्छिंद्र," आबा जपून म्हणाले, "नाव पडलंय की यावर."

"पडणारच. परत परत शिरूरला कोण जाणार नाव टाकायला?" मच्छिंद्रनं गिअर बदलला. "यंदा बाळासोची बारी. तुम्ही आपलं सांभाळून मारा म्हंजी झालं."

आबा म्हणाले, "व्हय, व्हय."

आता व्हय का म्हणाले? आयुष्यभराची सवय. 'बारी' म्हटलं की या माणसाची मान आपोआप हलते. पण मान हलून झाल्यावर डोकं चालायला लागलं आणि ते काही केल्या थांबेना. बंदुकीत बारी कशी असते? सोसायटीत असते, कारण तिथं खुर्ची एक आणि बसणारे चार. इथं छर्रा सुटतो तो सुटतो. त्याला काय सांगणार, बाबा, तुझा गट पुढल्या साली?

आणि मग नदीच्या पुलावर आबांना गेल्या सालचं आठवलं. बक्षीस द्यायच्या वेळी त्यांच्या कपावर त्यांचं नाव आधीच कोरलेलं होतं. स्वच्छ, ठसठशीत, श्री. हौसराव, मांडवगण. त्यांना किती नवल वाटलं होतं. त्यांनी विचारलंही होतं, इतक्या लवकर नाव कसं घातलं रे? तेव्हा हाच मच्छिंद्र हसून म्हणाला होता, दौंडला नवीन मशीन आलंय आबा. आणि आबांनी घरी येऊन धुरपदाबाईंना मशीनचं कौतुक सांगितलं होतं. दोन मिनिटांत नाव घालतंय म्हणे.

आबांनी कप पिशवीत घातला. पिशवीचं तोंड मुठीत घट्ट आवळून धरलं, जसं काही आतनं काही बाहेर येईल.

विचारावं तर कसं विचारावं? ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातले आबा नव्हते, पण आज भांडं दाखवायचीच लाज वाटत होती. 'गेल्या साली माझी बारी होती का' असं विचारायचं, म्हणजे वर्षभर मला कळलंच नाही हे कबूल करायचं. गावात चाळीस वर्षं राजकारण केलेला माणूस, आणि आपला कप कुठनं आला हे त्याला ठाऊक नाही. लोक पोट धरून हसतील. शेवटी त्यांनी आडवळणानं काढलं.

"ही बारी कवापासनं धरली रे आपण?"

"दुसऱ्या सालापासनं. पहिल्या साली आपल्याकडचा जिंकला, तर दौंडवाले दोन महिने फिरकले न्हाईत. मामांचा क्लब मोडायला आला व्हता. तवा मी पुढं झालो. एक साल ह्या काठाला, एक साल त्या काठाला. सगळ्यांना सांगून टाकलं."

"सगळ्यांना?"

"ज्याची बारी त्याला सोडून. नवरदेवाला कुणी सांगतं का आबा, तुझं लगीन हाय म्हणून? त्याला म्हाईतच असतंय."

मागचे दोघं झोपेत हसल्यासारखे हसले. आबाही हसले. हसताना त्यांना आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.

मंगल कार्यालयात हनुमंत मामांनी सगळं लावून ठेवलं होतं. जिथं नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर पत्रे, गोण्या आणि कार्डांची रांग. मागच्या भिंतीवर कुठल्याशा लग्नातलं थर्माकोलचं 'चि.' तेवढं चिकटून राहिलं होतं, पुढचं नाव गळून गेलेलं. आबांना बाळासो दिसले. पांढरा शर्ट, नवी टोपी, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर वरातीच्या आधी असतं तसं अवघडलेपण. त्यांच्याशेजारी नीलम. ही दौंडच्या एका पतसंस्थेत कॅशियर, तिशीची पोरगी, क्लबात नवरा घेऊन आली आणि नवरा चार रविवारांत कंटाळून गेला, ही राहिली.

"आबा, या," नीलम म्हणाली. "या वर्षी निवांत ना तुम्ही?"

"निवांत म्हंजी?"

"म्हणजे टेन्शन नाही. मागच्या वर्षी आम्हालाच टेन्शन होतं. मला तर भीती वाटत होती, चुकून लागलं म्हणजे काय करायचं." असं म्हणून ती हसली, मोकळेपणानं, सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर हसतात तशी.

आबांनी चहा घेतला. साखर होती की नव्हती ते कळलं नाही.

आता आबांच्या मनात काय चाललं होतं ते नीट सांगायला हवं, कारण त्यांना स्वतःला ते नीट कळत नव्हतं. एक मन म्हणत होतं, शब्द तो शब्द. क्लब टिकला तो या ठरावावर, आणि ठराव मोडणारा माणूस आबांच्या लेखी बांध कोरणाऱ्याच्या पंगतीला. सव्वा वर्ष संपल्यावर खुर्ची न सोडणाऱ्या एकाशी ते अजून बोलत नव्हते. दुसरं मन म्हणत होतं, अरे पण तू तर शब्द दिलाच नव्हतास, तुला कुणी विचारलं? आणि तिसरं एक मन होतं, ते सगळ्यांत खालचं आणि सगळ्यांत हट्टी. ते म्हणत होतं, मला एवढंच सांगा, मला बंदूक मारता येते का नाही? गेल्या साली बाकीचे मुद्दाम हुकले ते हुकले, पण माझे छर्रे तर माझे होते ना? का मार्क मोजतानाही कुणी हात सैल सोडला? इकडं आड तिकडं विहीर असते तेव्हा माणूस निदान दोन्ही बघू शकतो. आबांना पाय कुठं ठेवलाय तेच दिसेना.

मामांनी शिट्टी मारली. सगळे रांगेत. आबांच्या एका हाताला बाळासो, दुसऱ्या हाताला नीलम.

"लोड," मामा म्हणाले. फौजेतला आवाज, हॉलमध्ये घुमला.

आबांनी ठरवलं, हुकायचं. पहिला छर्रा त्यांनी कडेला सोडला. लागला तोही नेमका कडेलाच. मग त्यांनी सहज शेजारी पाहिलं. नीलमनं नेम धरला. बंदूक एवढी स्थिर की नळीवर दिवा ठेवला असता तरी विझला नसता. ती तशी थांबली, आणि मग, बोट ओढायच्या ऐन आधी, तिनं नळी केसभर डावीकडं सरकवली आणि छर्रा सोडला. पुन्हा भरला. पुन्हा तसंच. आबा बघतच राहिले. इतकं नीट हुकताना त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी नवा छर्रा भरला. शब्द गेला खड्ड्यात. आबांनी पाय रोवले, गाल बंदुकीला टेकवला, श्वास अर्ध्यावर धरला. आता खरं मारायचं. एकदा, जीव ओतून, कुणाची बारी असो नसो. त्यांनी मारला. छर्रा भलतीकडंच गेला. दुसरा. तोही. हात थरथरतोय का? थरथरत नव्हता. डोळ्यांत पाणी होतं का? तेही नव्हतं. चांगला नेम धरून, सगळं मामांनी शिकवलं तसं करून, छर्रे कार्डभर विखुरत होते, कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे. जितका जोर लावला तितके लांब गेले. शेवटचा छर्रा मारताना आबांनी मनातल्या मनात रासाईदेवीला हाक मारली. तो लागला कार्डाच्या कोपऱ्यात, जिथं कार्ड नंबर लिहितात.

मामांनी कार्डं गोळा केली. बाळासो पहिले. टाळ्या झाल्या. मच्छिंद्रनं कप दिला, फोटो काढले, शाल दिली, नारळ दिला, आणि वर नदीच्या दोन्ही काठांच्या एकोप्यावर भाषणही ठोकलं. मग जेवणाकडं निघताना त्यानं आबांच्या खांद्यावर हात टाकला.

"आबा, कमाल केली तुम्ही. बाकीच्यांचं हुकणं लगेच कळतंय. तुमचं बघून कुणी म्हणणार न्हाई, हा माणूस मुद्दाम हुकतोय. कपाळावर घाम काय, दात-ओठ काय. शब्द पाळावा तर तुम्हीच."

मागनं येणाऱ्या दोघांनी माना हलवल्या. "आबांचं कामच पक्कं," एक म्हणाला.

आबांना धरणी ठाव देईना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शब्द मोडला होता, आणि सगळं जग त्यांना शब्द पाळल्याबद्दल शाबासकी देत होतं.

पंगतीत वांग्याची भाजी, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि जिलेबी. आबांनी जिलेबी शेजारच्याच्या ताटात टाकली आणि अर्ध्यावर उठले. हात धुवायला मागच्या टाकीकडं गेले, तर तिथं बाळासो उभे. काखेत कप, हातात तांब्या, पण हात धुवत नव्हते. आबांना बघून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं.

"आबा, एक विचारू? रागावणार न्हाई ना?"

"विचार की."

"तुम्ही मुद्दामच हुकला ना?"

आबांनी बाळासोंच्या तोंडाकडं पाहिलं. डेअरीचा चेअरमन, पन्नाशी पार केलेला गडी, आणि तोंडावर अगदी तेच, जे आबा सकाळपासून पुलाच्या अलीकडनं पलीकडं वागवत होते. आता 'व्हय' म्हणावं, तर अब्रू शाबूत राहते. शब्दाला जागलेला माणूस म्हणून घरी जाता येतं. आबांनी त्यांच्या हातातला तांब्या घेऊन टाकीतनं भरला, हातावर ओतला, आणि म्हणाले, "न्हाई. पहिला मुद्दाम हुकलो. बाकीचे जीव लावून मारले. तेवढंच आलं."

बाळासो हसले. "आबा, तुम्ही लई मोठ्या मनाचे. माझं मन राखायला बोलताय."

"अरे, रासाईची आण."

बाळासोंचं हसू मावळलं. आबांनी तेवढ्यात विचारून टाकलं, कारण आता नाही तर कधीच नाही. "आन् गेल्या साली तू? तू मुद्दाम हुकलास?"

बाळासोंनी कप एका काखेतनं दुसऱ्या काखेत घेतला. "ठरवलं तर व्हतं तसंच. मच्छिंद्रनं सांगितलेलं. पण आबा, खरं सांगू का, खांद्याला बंदूक लावल्यावर मुद्दाम कुठला हुकला आन् खरा कुठला हुकला, माझं मलाच कळलं न्हाई. घरी गेलो तवा मी म्हणत व्हतो मुद्दाम हुकलो. पण म्हणत व्हतो म्हणून खरं असंल असं थोडंच हाय."

आबांनी तांब्या टाकीच्या काठावर पालथा घातला. आत पंगतीत कुणीतरी भाकरी मागत होतं.

"चल," आबा म्हणाले.

हॉलमध्ये मामा बंदुका पेटीत भरत होते आणि नीलम त्यांना कार्डाचे खिळे काढायला मदत करत होती. बाकी सगळे जेवणात.

"मामा, कार्डं लावा," आबा म्हणाले.

"सामना संपला की, हौसराव."

"सामना न्हाई. नुसतंच. पाच पाच छर्रे. बारी न्हाई, कप न्हाई, फोटो न्हाई."

मामांनी त्यांच्याकडं पाहिलं, बाळासोंकडं पाहिलं आणि काही न विचारता दोन कार्डं लावली. मामा पहिल्यापासून या बारीच्या विरुद्ध होते म्हणे, पण क्लब मोडण्यापेक्षा बरं म्हणून मूग गिळून बसले होते. बाळासोंनी कप खुर्चीवर ठेवला. दोघांनी बंदुका उचलल्या.

आबांनी मारलं. बाळासोंनी मारलं. यावेळी कुणीच कुणाकडं पाहिलं नाही. मामांनी कार्डं आणली. आबांचा एक छर्रा मध्याच्या जवळ, बाकीचे चार आपापल्या मर्जीनं गेलेले. बाळासोंचं थोडं बरं, पण फार नाही. आबा बाळासोंपेक्षा मागं पडले होते, थोडक्यात का होईना, पण पडले होते. त्यांनी कार्ड उजेडात धरून पुन्हा पाहिलं. यात तर काही शंका नव्हती.

आता दोघांचंही खरं-खोटं कळून गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण आबांची नजर नीलमवर गेली. ती खिळे हातात धरून कोपऱ्यात उभी होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते आबांना ओळखू आलं नाही. हसू नव्हतं. लहान मुलांचा खेळ बघताना मोठ्यांचं होतं तसं काहीतरी होतं.

"पोरी," आबा म्हणाले, "तूबी मार."

"मी कशाला आबा?"

"मार. सकाळी ऐन वेळेला नळी सरकवत व्हतीस ती न सरकवता मार."

नीलमचा चेहरा पडला. तिनं दाराकडं पाहिलं. बाहेर मच्छिंद्र कुणाला तरी जिलेबीचा आग्रह करत होता. मग तिनं खिळे टेबलावर ठेवले, ओढणी कमरेला खोचली आणि बंदूक घेतली. पाच छर्रे तिनं एकामागोमाग एक मारले, मामांच्या 'लोड'ची वाटही पाहिली नाही.

मामा कार्ड घेऊन आले. त्यांनी ते नीलमला दिलं नाही, आबांच्या हातात दिलं. कार्डाच्या बरोबर मध्ये एक भोक होतं. एकच, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठं, कडा फाटलेलं. आबांना वाटलं, बाकीचे चार छर्रे कुठं गेले? त्यांनी कार्ड उलटं केलं, सरळ केलं. मग त्यांना कळलं, बाकीचे चारही तिथंच गेलेत.

आबांनी कार्ड बाळासोंच्या हातात दिलं.

"म्हंजी गेल्या साली," आबा म्हणाले.

"आबा, जाऊ द्या ना," नीलम म्हणाली.

"तुझी बारी कवा हाय?"

"अजून चार वर्षांनी. मच्छिंद्र भाऊ म्हणाले, बायकांचं शेवटी धरलंय."

आबांनी मान हलवली. सकाळपासून डोक्यात जो गुंता होता, बारी, शब्द, मशीन, मुद्दाम, खरं, त्या सगळ्याला एक टोक सापडलं, आणि ते टोक सापडल्यावर आबांना आनंद व्हायला हवा होता की वाईट वाटायला हवं होतं, तेही कळेना. वाईट वाटलं, पण सकाळइतकं नाही.

बाळासोंनी खुर्चीवरचा कप उचलला, पट्टीवरचं आपलं नाव वाचलं. "मग ह्याचं काय करू मी?"

"तुझं तू बघ," आबा म्हणाले. "माझं मी बघतो."

परत येताना आबा जीपमध्ये एक शब्द बोलले नाहीत. मच्छिंद्रला वाटलं, बारी गेल्याची रुखरुख. तो समजूत काढत राहिला, पुढल्या साली परत आपल्या काठाला हाय आबा.

घरी आले तेव्हा धुरपदाबाई ओट्यावर झेंडूची फुलं निवडत होत्या, आजच्या तोडीतली खराब फुलं वेगळी काढत.

"कप?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. हरलो."

"कुणाकडनं?"

"दोघांकडनं. खरंखुरं हरलो."

हे त्यांनी इतक्या समाधानानं सांगितलं की धुरपदाबाईंनी फुलं बाजूला ठेवून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. आबा सरळ आत गेले, शोकेस उघडली, कप काढला आणि जुन्या उपरण्यात गुंडाळायला लागले.

"आता ह्यो कुठं निघाला?"

"दौंडला. पुढल्या रविवारी. जिचा हाय तिला देतो."

"आन् नाव तुमचं हाय ना त्यावर?"

"नाव माझं हाय. कप तिचा हाय. मच्छिंद्र म्हणतोय दौंडला मशीन हाय, दोन मिनिटांत नाव घालतंय. बघू तरी खरंच हाय का."

धुरपदाबाई उठून शोकेसपाशी आल्या. वर्षभर पाहुण्यारावळ्यांना त्यांनीच तर तो कप दाखवला होता. मग त्यांनी रिकाम्या कप्प्याकडं हात केला, तिथं धुळीत एक गोल उमटलेला होता. "मग हितं आता काय ठेवायचं?"

आबांनी खिशातनं दुपारचं आपलं कार्ड काढलं. घडी पडली होती, ती त्यांनी मांडीवर ठेवून हातानं सरळ केली. पाच भोकं, एक मध्याच्या जवळ, चार भलतीकडं. त्यांनी ते नातवाच्या फोटोशेजारी उभं केलं. ते दोनदा पडलं. तिसऱ्यांदा त्याला काडेपेटीचा आधार दिला.

"हे काय?" धुरपदाबाई म्हणाल्या.

"हे माझं हाय," आबा म्हणाले.

"भोकं पाडलेला कागद?"

"व्हय."

"बरं," धुरपदाबाई म्हणाल्या आणि पुन्हा फुलांकडं वळल्या. "पुसायचा तरी तरास न्हाई."